वाचकांचे प्रश्न : ग्राफिक्स कार्ड तापतंय, ओरडतंय

उन्हाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. बहुतेकांची तक्रार एका ओळीची असते: ‘कार्ड फार तापतं’ किंवा ‘फार आवाज करतं’. एवढ्यावरून उत्तर देता येत नाही. आधी ‘एचडब्ल्यूइन्फो’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. ते फक्त सेन्सर दाखवण्याच्या पद्धतीत सुरू करून नेहमीचा गेम अर्धा तास खेळा आणि ‘कमाल’ या रकान्यातले आकडे टिपा. चिपचं तापमान, हॉटस्पॉटचं (चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं) तापमान, मेमरीचं तापमान (कार्ड दाखवत असेल तर), पंख्यांचे फेरे आणि वॅट असे पाच आकडे हवेत. ते हाती येईपर्यंत स्क्रू-ड्रायव्हरला हात लावू नका. आज छापलेल्या प्रश्नांपैकी निम्म्यांची उत्तरं कार्ड न उघडताच मिळणारी आहेत.

प्रश्न : माझ्याकडे आरटीएक्स ३०६० टीआय आहे. डिसेंबरात गेम खेळताना ७२ अंशांवर असायचं, आता मे महिन्यात ८४ अंश दाखवतं आणि पंखे मिक्सरसारखे वाजतात. कार्ड खराब होत चाललंय का? पेस्ट बदलू का? खोलीत कूलर आहे. – एक वाचक, चंद्रपूर

कार्ड बहुधा ठणठणीत आहे, तापली आहे ती खोली. पंखा हवा थंड करत नाही, आहे तीच हवा हीटसिंकवर (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांवर) फेकतो. त्यामुळे खोली जितके अंश चढते, जवळपास तितकेच अंश कार्डही चढतं. डिसेंबरात रात्री खोलीत २६ अंश असतील आणि आता ३८, तर फरक १२ अंशांचा. तुमच्या दोन आकड्यांतही बरोबर १२ चाच फरक आहे. म्हणजे पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामधला, उष्णता पुढे नेणारा लेप) आपलं काम करते आहे, तिला हात लावू नका.

८४ अंशांना चिप जळत नाही. या चिपची कमाल मर्यादा ९३ अंशांची आहे. मात्र ८३ अंशांच्या आसपास कार्ड स्वतःला आवरायला लागतं. तापमान चढेल तसा वेग साधारण १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरतो आणि पंख्यांचे फेरे वाढतात. तुम्हाला ऐकू येतो तो हाच खटाटोप.

आता कॅबिनेटची परीक्षा घ्या. गेममधली एकच जागा निवडून तिथे वीस मिनिटं थांबा आणि आकडा लिहून ठेवा. मग कॅबिनेटची बाजूची झडप काढून तेच पुन्हा करा. दोन-तीन अंशच उतरले तर कॅबिनेटमधून वारा नीट खेळतो आहे. सात-आठ किंवा त्याहून जास्त उतरले तर कार्ड स्वतःचीच गरम हवा परत ओढतंय. पुढे अख्खी काच असलेल्या, दिसायला देखण्या कॅबिनेटमध्ये हे हमखास होतं. त्यावर उपाय म्हणजे पुढची जाळी धुऊन, पूर्ण वाळवून बसवणं, पुढे किंवा तळाशी १२० मिलिमीटरचा एक पंखा हवा आत घेणारा लावणं आणि मागचा पंखा हवा बाहेर टाकतोय ना हे कागदाचा कपटा धरून पाहणं. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर आधी बाहेर काढा. भिंतीपासून वीतभर अंतर हवंच.

खरा दिलासा मात्र व्होल्टेज कमी केल्याने मिळतो. कारखान्यातून निघताना प्रत्येक चिपला थोडं जास्तच व्होल्टेज दिलेलं असतं, म्हणजे कमअस्सल चिपसुद्धा अडखळत नाही. ते जास्तीचं व्होल्टेज उष्णता होऊन बाहेर पडतं. ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ हे सॉफ्टवेअर उघडा, ते कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. कोअर क्लॉकची (चिपच्या वेगाची) पट्टी उणे २०० वर नेऊन लागू करा. मग कंट्रोल आणि एफ ही बटणं एकत्र दाबली की व्होल्टेजचा आलेख उघडतो. त्यात ९०० मिलिव्होल्टचा ठिपका पकडून १८०० मेगाहर्ट्झपर्यंत उचला आणि पुन्हा लागू करा. त्या ठिपक्याच्या उजवीकडची रेघ आपोआप सपाट होते. दोन-तीन तास खेळून पाहा. गेम बंद पडला किंवा पडद्यावर चित्र फुटलं तर ९२५ मिलिव्होल्ट करा. नीट चाललं तर वेग १५-१५ मेगाहर्ट्झने वाढवून पाहा. प्रत्येक चिपचा पिंड वेगळा, त्यामुळे मित्राचे आकडे जसेच्या तसे उतरवू नका. या २०० वॅटच्या कार्डावर तीसेक वॅट सहज वाचतात आणि गेममध्ये फरक जाणवतही नाही. एवढी उठाठेव नको असेल तर पॉवर लिमिटची (कार्डाने जास्तीत जास्त किती वीज ओढावी त्या मर्यादेची) पट्टी ८० टक्क्यांवर आणा. काम त्याच जातीचं होतं, वेग थोडा जास्त घटतो.

कूलरबद्दल. कूलर खोली थंड करतो, म्हणून तो चालू असणं कार्डाच्या फायद्याचंच. फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, विदर्भात बोअरचं पाणी जड, आणि त्यातले क्षार वाळून हीटसिंकच्या पात्यांवर पांढरा थर धरतात. तो थर फुंकून निघत नाही. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसती दमट हवा कोंडून राहील.

प्रश्न : नवीन कार्ड घेतलं. गेमचा मेनू उघडला की बारीक ‘चीऽऽ’ असा आवाज येतो, खेळ सुरू झाला की कमी होतो. तापमान ६५. पंखा बदलून घ्यावा का? – एक वाचक, पुणे

पंख्याचा यात काही संबंध नाही. कार्डावर वीज सपाट करणारी छोटी चौकोनी कॉइल असतात. त्यांतला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा बदलतो, त्याबरोबर तार आणि गाभा सूक्ष्म थरथरतात, आणि ती थरथर आपल्या कानाच्या टप्प्यात आली की असा आवाज येतो. मेनूमध्ये काढायचं चित्र साधं असतं, म्हणून कार्ड सेकंदाला पाचशे-हजार फ्रेम काढत सुटतं. त्यामुळेच तो तिथे जास्त येतो.

खात्री करायला आफ्टरबर्नरमध्ये पंख्याचा वेग हाताने ४० वरून ७० टक्क्यांवर न्या. ‘चीऽऽ’चा सूर तसाच राहिला तर तो कॉइलचा. मग फ्रेमवर मर्यादा घाला. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर १४१, साधा ६० चा असेल तर ६०. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ही सोय असते. मेनूतला आवाज तेवढ्यानेच बसतो. खेळतानाही येत असेल तर वर सांगितल्याप्रमाणे व्होल्टेज उतरवा, प्रवाह कमी झाला की थरथरही कमी होते. कागदाची सुरळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं आधी कार्डाजवळ, मग एसएमपीएसजवळ (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याजवळ) न्या. असाच आवाज एसएमपीएसचाही असतो आणि मग बिचाऱ्या कार्डावर उगाच आळ येतो. या आवाजाने कार्डाचं आयुष्य घटत नाही. वॉरंटीत मात्र तो सहसा दोष धरला जात नाही, म्हणून असह्य असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत दुकानदाराशी बोला.

प्रश्न : काहीच न करता, नुसतं ब्राउझर उघडं असताना पंखा सुरू होतो, अर्ध्या मिनिटाने बंद होतो, पुन्हा सुरू. दिवसभर हेच. – एक वाचक, नाशिक

ठरावीक तापमानाखाली, बहुधा ५० ते ६० अंशांच्या मधे कुठेतरी, पंखे पूर्ण थांबवण्याची सोय तुमच्या कार्डात आहे. तुमचं कार्ड नेमकं त्या उंबरठ्यावर घुटमळतंय. आफ्टरबर्नरमध्ये पंख्याचा स्वतःचा आलेख चालू करा आणि ‘हिस्टेरिसिस’च्या चौकटीत ५ लिहा. मग सुरू झालेला पंखा तापमान पाच अंश उतरल्याशिवाय मंदावत नाही. किंवा पंखा ३० टक्क्यांवर कायम फिरता ठेवा. इतक्या हळू फिरणारा पंखा ऐकूही येत नाही आणि वारंवार थांबून सुरू होण्यापेक्षा ते त्याला सोसतं.

दोन मॉनिटर आहेत का? एक १४४ हर्ट्झचा आणि दुसरा ६० चा असेल तर काही कार्डांची मेमरी रिकाम्या वेळीही पूर्ण वेगाने धावत राहते. पहिला मॉनिटर तात्पुरता १२० वर आणून पाहा. रिकाम्या वेळचे वॅट एकदम उतरले तर दुखणं तिथेच आहे.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून वापरलेलं आरटीएक्स ३०८० घेतलं. चिप ७२ अंश, पण मेमरी ११० दाखवते आणि पंखे पूर्ण वेगाने फिरतात. माइनिंगचं कार्ड असेल का? काय बदलावं लागेल? – एक वाचक, ठाणे

असू शकतं. माइनिंग म्हणजे आभासी चलन मिळवण्यासाठी कार्डं सलग राबवणं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने ती जुनी पद्धत बंद केली आणि त्यानंतर अशी कार्डं जुन्या बाजारात ढिगाने आली. माइनिंग केलेलं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, असं मात्र नाही. चिप एका तापमानाला सलग चालते, ते तिला फारसं बाधत नाही. झिजतात ते पंखे आणि वाळतात ते मेमरीवरचे, तिची उष्णता हीटसिंककडे नेणारे मऊ पॅड. तुमची लक्षणं पॅडकडेच बोट दाखवतात.

३०८० वर ‘जीडीडीआर ६ एक्स’ जातीची मेमरी आहे. ती मुळातच तापट, आणि ११० अंशांना ती स्वतःचा वेग तोडते. तुमची नेमकी त्या काठावर आहे. चिप ७२ वर असताना पंखे धावतात ते मेमरीसाठी. आधी जाळीतून कार्डाच्या कडा टॉर्चने पाहा. तेलकट ओल दिसली तर जुन्या पॅडमधलं सिलिकॉन तेल झिरपलं आहे. तेल वीजवाहक नाही, घाबरू नका. मात्र ते निघून गेलेला पॅड कोरडा पडलेला असतो.

कार्ड उघडण्याआधी वॉरंटी शिल्लक आहे का ते पाहा. काही कार्डांच्या एखाद्या स्क्रूवर कागदी सील असतं, ते फाटलं की दावा अडकू शकतो. ‘जीपीयू-झेड’ या सॉफ्टवेअरने बायोस (कार्डात साठवलेली मूळ आज्ञावली) आणि पॉवर लिमिटही तपासा. हे कार्ड मूळचं ३२० वॅटचं, काही कंपन्यांनी त्याहून थोडं जास्त ठेवलंय. आकडा त्याहून बराच कमी असेल तर माइनिंगसाठी बायोस बदललेला असण्याची शक्यता आहे, आणि मूळ बायोस परत घालावा लागेल.

सामान असं: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘आयपीए’ मागा, हाताचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं), धागे न सुटणारं कापड, चांगली पेस्ट, पॅड आणि नीट बसणारा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर. पॅडची जाडी ही सगळ्यात अवघड गोष्ट. ती अर्ध्या मिलिमीटरपासून तीन मिलिमीटरपर्यंत असते आणि एकाच कार्डावर मेमरीला एक, व्होल्टेजच्या भागाला दुसरी, मागच्या पट्टीला तिसरी असू शकते. तुमच्या नेमक्या मॉडेलची जाडी कंपनीच्या सेवाकेंद्राला विचारा. जुना पॅड व्हर्नियरने मोजायचा तर दबलेल्या मधल्या भागात नाही, न दबलेल्या कडेला मोजा. जाडीची खात्रीच होत नसेल तर पॅडऐवजी थर्मल पुटी घ्या. ती मळलेल्या कणकेसारखी असते, जेवढी फट असेल तेवढीच भरते आणि दाबली की बाजूला सरते. पहिल्यांदाच कार्ड उघडणाऱ्याने पुटीच वापरावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कार्ड काढल्यावर स्क्रू ज्या जागचे त्या जागेसारखेच कागदावर चिकटवून ठेवा, लांबी सारखी नसते. चिपभोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू सगळ्यात शेवटी सोडवायचे, तेही आडव्या-तिडव्या क्रमाने थोडे-थोडे. हीटसिंक ओढून उपटू नका. पेस्ट वाळून घट्ट धरून बसली असेल तर आधी दहा मिनिटं गेम चालवून कार्ड कोमट करून घ्या आणि मग उघडा. हलकेच डावी-उजवीकडे फिरवलं की सुटतं. सुटलं तरी लगेच बाजूला करू नका, पंख्याच्या आणि दिव्यांच्या बारीक तारा अजून जोडलेल्या असतात. ते कनेक्टर तारेला धरून न ओढता नखाने दोन्ही बाजूंनी सैल करत काढा.

चिपवर नुसता मधोमध ठिपका ठेवून भागत नाही. इथे सीपीयूसारखं धातूचं झाकण नसतं, उघडं सिलिकॉन असतं, आणि एखादा कोपरा कोरडा राहिला तर तोच तापतो. सबंध पृष्ठभाग झाकेल असा पातळ थर पसरवा. थोडी जास्त झाली तर दाबाने कडेला निघते, कमी पडली तर मात्र पुन्हा उघडावं लागतं. द्रवरूप धातूच्या पेस्टच्या नादी लागू नका. ती वीजवाहक असते आणि ॲल्युमिनियम खाते.

काम नीट झालं तर मेमरी १५-२० अंशांनी उतरलेली दिसेल आणि पंखे आपोआप शांत होतील.

प्रश्न : मी स्वतः पेस्ट आणि पॅड बदलले. आता चिप ७८, पण हॉटस्पॉट १०५! आधी यापेक्षा बरं होतं. – एक विद्यार्थी, सातारा

हॉटस्पॉट म्हणजे चिपवरच्या अनेक सेन्सरांपैकी त्या क्षणी सगळ्यात तापलेला सेन्सर. तो सरासरीपेक्षा १० ते १५ अंश वर असणं ठीक. तुमचा फरक २७ आहे, म्हणजे चिपच्या काही भागाला हीटसिंक टेकलेलंच नाही. संशय पहिला पॅडवर: अर्ध्या मिलिमीटरने जाड किंवा फार कडक पॅड लागला की हीटसिंक त्याच्यावरच टेकतं आणि चिपवर अधांतरी राहतं. दुसरा संशय स्क्रूवर. एक पूर्ण आवळून मग दुसरा आवळला असेल तर हीटसिंक तिरकं बसतं. पुन्हा उघडा आणि चिपवर उठलेला पेस्टचा ठसा पाहा. सगळीकडे सारखा पातळ असेल तर पॅड निर्दोष. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला जवळपास पुसलेला असेल तर स्क्रू. सगळीकडेच जाड असेल तर पॅड बदला. बसवताना चारही स्क्रू आधी दोन-दोन आटे धरवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा.

बसवल्यावर ठीक आणि दोन-तीन महिन्यांनी हॉटस्पॉट पुन्हा वर, असं कोणाचं होत असेल तर कारण वेगळं. चिप तापते-निवते, तसतशी पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. तिथे घट्ट पेस्ट किंवा ‘पीटीएम ७९५०’ हा फेज-चेंज पॅड वापरावा. तो सुमारे ४५ अंशांना मऊ होऊन खाचाखोचा भरतो आणि जागा सोडत नाही. लावण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला तर त्याच्या दोन्ही बाजूंचे कागद सुरळीत निघतात.

प्रश्न : सकाळी चालू केलं की कार्डातून खरखर येते, दहा मिनिटांनी थांबते. – एक वाचक, कोल्हापूर

पंख्याच्या बेअरिंगमधलं वंगण आटलं आहे. थंड असताना घट्ट, तापलं की सैल, म्हणून आवाज जातो. कॅबिनेट उघडून, पंखे हळू फिरत असताना एकेकाच्या मधल्या गोलावर पेन्सिलचं रबराचं टोक अगदी हलकेच टेकवा. ज्यावर खरखर बदलेल तो दोषी. त्याआधी एखादी वायर पात्याला घासत नाही ना, तेही पाहून घ्या.

काही पंख्यांचं मधलं स्टिकर उचकटून आत शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडता येतात. ही मलमपट्टी काही आठवड्यांचीच. पंखा बदलणंच बरं. मधल्या स्टिकरवर मॉडेल क्रमांक असतो, त्या क्रमांकानेच मागवा, ‘अमुक कार्डाचा पंखा’ म्हणून नको. पात्यांचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, कनेक्टरच्या पिना आणि फिरण्याची दिशा या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. काही कार्डांत शेजारचे पंखे मुद्दाम उलट दिशांनी फिरतात, दिशा चुकली तर एक हवा देईल आणि दुसरा ओढून घेईल. एक पंखा बंद ठेवून खेळत राहू नका, उरलेल्यावर सगळा भार येऊन तोही लवकर जातो.

प्रश्न : समुद्राजवळ घर. कार्ड किती दिवसांनी साफ करावं, कशाने? – एक वाचक, रत्नागिरी

दोन-तीन महिन्यांनी, आणि पावसाळा संपल्यावर एकदा सविस्तर. संगणक बंद, प्लग काढलेला. ब्लोअरने झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो ठरल्यापेक्षा किती तरी वेगाने फिरतो, बेअरिंग बिघडतं आणि मोटर उलटी वीज तयार करून कार्डाच्या सर्किटमध्ये ढकलते. व्हॅक्यूम क्लीनरची नळी आत घालू नका, तिच्या टोकाशी स्थिर वीज साठते. खाऱ्या हवेने कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर डाग आले असतील तर आयपीए लावलेल्या कापडाने पुसा, खोडरबराने घासू नका, मुलामा जातो. पावसाळ्यात संगणक महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज तासभर चालवलेला बरा, त्याच्याच उबेने आतली ओल निघते.

प्रश्न : खेळता खेळता पडदा काळा होतो आणि कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगाने सुटतात. बटण दाबून बंद करावं लागतं. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

पंख्यांवरचा ताबा सुटला की ते सुरक्षेसाठी पूर्ण वेगाने धावतात. म्हणजे चिप एक तर संरक्षणासाठी बंद पडली, किंवा तिला क्षणभर वीज कमी पडली. एचडब्ल्यूइन्फोची नोंद फाइलमध्ये चालू ठेवून खेळा आणि शेवटच्या ओळी पाहा. हॉटस्पॉट किंवा मेमरी ११० च्या जवळ असेल तर वरची पेस्ट-पॅडची उत्तरं वाचा. आकडे ७०-७५ च्या आत असतील तर एसएमपीएसकडे वळा. पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून खेळा. दुखणं थांबलं तर वीज अपुरी पडत असण्याचीच शक्यता जास्त. मोठी कार्डं क्षणार्धात आपल्या वॅटच्या कितीतरी वर उसळतात. दोन आठ-पिनी जोडण्या एकाच वायरीच्या दोन तोंडांनी दिल्या असतील तर एसएमपीएसवरून दोन स्वतंत्र वायरी आणा. एवढ्याने भागलं नाही तर मित्राचा दमदार एसएमपीएस एका संध्याकाळपुरता मागून जोडून पाहा. त्याच्या वायरी मात्र त्याच्याच वापरा, मॉड्युलर (एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या) वायरींच्या पिना प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात आणि चुकीची जोडली तर कार्ड जागच्या जागी जळतं. आणि जोडणीपाशी जळका वास आला किंवा प्लास्टिक तपकिरी दिसलं, तर वरचं काहीही करत न बसता मेन स्विच बंद करा आणि ती वायर पुन्हा लावू नका.